पूर ओसरल्यानंतरची घरे : सिंधुदुर्गातील एका सेवाकार्याची पूर्वपीठिका

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सह्याद्रीचा घाटमाथा समुद्रापासून फारसा दूर नाही, त्यामुळे आंबोलीच्या परिसरात कोसळलेला पाऊस थोड्याच वेळात खाडीपर्यंत येतो आणि नेमकी त्या वेळी भरती असली तर पुढे वाट न मिळाल्याने नदीकाठच्या वस्तीत पसरतो. तेरेखोल नदीवरचे बांदा आणि वाघोटण खाडीच्या आतल्या टोकाचे खारेपाटण या जुन्या पेठा अशाच जागी वसलेल्या आहेत, कारण भरतीच्या पाण्यावर मालाची गलबते जिथवर आत येत, तिथेच माल उतरवणे सोयीचे असे. पुढे वाहतूक रस्त्यावर आली तरी पेठा जागच्या हलल्या नाहीत. बांद्याच्या बाजारात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी शिरले, त्यामागे ही जुनी वसाहतरचनाही आहे.

जुन्या मातीच्या घरात पूर येऊन गेल्यावर गाळ काढणे हा कामाचा केवळ पहिला टप्पा असे. भिजून फुगलेली जमीन उकरून तिच्यावर नवी माती पसरायची, पाणी शिंपडून ती चोपण्याने, म्हणजे दांडा बसवलेल्या जाड लाकडी फळीने, ठोकून घट्ट करायची आणि मग शेणाने सारवायची, असा तो क्रम होता. मात्र पावसाळ्यात ओल हटत नसल्याने खरी जमीन दिवाळीच्या सुमारासच होई. या कामाला वाडीतील माणसे एकमेकांकडे जात आणि आज घेतलेली मदत उद्या हातानेच फेडली जाई. परंतु गावरहाटीत, म्हणजे मानपान आणि कामे वाटून देणाऱ्या गावच्या परंपरागत व्यवस्थेत, सगळी घाण सगळ्यांची नव्हती. मेलेली जनावरे ओढून नेणे आणि मैला उचलणे ही कामे जातीने ठरलेली होती. त्यामुळे पुरानंतर घरे साफ करायला येणाऱ्या आजच्या स्वयंसेवी पथकांना गावच्या एकोप्याचा सरळ वारसा म्हणणे इतिहासाला धरून होत नाही.

त्यांचा अधिक जवळचा पूर्वज शोधायचा तर कोकण गांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांच्याकडे वळावे लागते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम आपल्याला करू द्यावे अशी मागणी केली, ती नाकारली गेल्यावर अन्नत्याग आरंभला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केले. कणकवलीजवळ गड नदीच्या काठी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास, मैल्याचे खत आणि चर्मोद्योग यांचे प्रयोग केले. पूरग्रस्तांची घरे धुणे हा काही त्यांचा कार्यक्रम नव्हता. पण दुसऱ्याच्या घरातील घाणीला शिकल्यासवरल्या माणसाने हात लावण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट या जिल्ह्यात त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः करून दाखवली, आणि त्याखेरीज अनोळखी कुटुंबाच्या न्हाणीघरातील रेंदा उपसणाऱ्या विद्यार्थ्यांची पथके समाजाने इतक्या सहज स्वीकारली असती असे वाटत नाही.

पथकांची गरज मात्र वेगळ्या कारणाने वाढली. वाडीतील कर्ते पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेले, घरात वृद्ध आणि स्त्रिया उरल्या, आणि हाताने फेडायची मदत देणारे हातच कमी झाले. दुसरीकडे, बाहेरून येणारे हात तयार होत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पुण्यात विद्यार्थी मदतकार्यात उतरले होते. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यावर महाविद्यालयांतील अशा श्रमदानाला कायमची चौकट मिळाली. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचा पूर चिपळूणच्या घरादारांत शिरला, तेव्हा बाहेरगावचे स्वयंसेवक फावडी, घमेली घेऊन तिथे पोहोचले.

आता घरे चिऱ्याची आणि लादीची असली तरी काम सोपे झालेले नाही. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, कारण वाळला की तो फरशीला घट्ट धरतो. शिवाय वीज तोडल्याची खात्री करणे आणि अडगळीत साप नाही हे पाहणे आधी येते. तलाठ्याचा पंचनामा, म्हणजे नुकसानीची सरकारी नोंद, होण्यापूर्वी सामान बाहेर फेकले तर भरपाईचा पुरावाच जातो, म्हणून जाणती पथके प्रथम छायाचित्रे काढतात. जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचा, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा, धोका असल्याने पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवत नाहीत. विहीर उपसून तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम शेवटी येते. पथक निघून गेल्यावर भांडी घासणे, गोधड्या धुणे, ओले धान्य निवडून वाळत घालणे हे सारे घरच्या आणि शेजारच्या बायकांकडे राहते. ते पुढे कितीतरी दिवस चालते आणि मदतकार्याच्या कोणत्याही अहवालात त्याला रकाना नसतो.