‘ब्लॉकबस्टर’ शब्दाचें कूळ

२०१६ सालीं ‘सैराट’ चित्रपट गाजला, तेव्हां आमच्या चाळीसगांवांतहि ‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द पोरासोरांच्या तोंडीं बसला. नातवानें मला त्याचा अर्थ विचारला. शब्दाचें कूळ मोठें भयंकर आहे. १९४२ च्या सुमारास, चार रस्त्यांमधील अवघी घरें एका स्फोटांत उद्ध्वस्त करणाऱ्या ब्रिटिश बाँबला वृत्तपत्रांनीं हें नांव दिलें. पुढें तें चित्रपटांच्या प्रचंड यशास चिकटलें. आपण यश मोजीत असूं तें आठवड्यांनीं. पंचवीस आठवडे झाले कीं रौप्यमहोत्सव! प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) तर मुंबईस एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. उत्सवाला माणसें जमतात, घरें पडत नाहींत. नातवास म्हटलें, “बाळ, नवा शब्द खुशाल वापर, पण त्याखालीं गाडलेलीं घरें विसरूं नकोस.”