नागपूरमधील दलित स्त्रियांचे आत्मकथनपर लेखन

नागपूर शहरातील दलित स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेले आत्मपर लेखन. जातिभेद आणि स्त्री-पुरुष विषमता यांचे परस्परांत गुंतलेले रूप दाखवणारा हा दलित साहित्यातील मोलाचा प्रवाह आहे. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) व कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ (१९९९) ही त्यातील प्रमुख पुस्तके होत. ज्योती लांजेवार यांच्या कवितेतही कष्टकरी दलित आईचे चित्र ठळकपणे येते.

पार्श्वभूमी : नागपूरचा इतिहास बहुधा भोसल्यांच्या राजवटीपासून सांगितला जातो. आत्मकथनांतले नागपूर मात्र वाड्यांचे नाही; ते वस्त्यांचे, गिरण्यांचे आणि शाळांचे आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे महार समाजातील अनेक कुटुंबांना, त्यांतील बायकांनाही, रोजगार मिळाला. रोख मजुरी हाती आल्यावर मुलींना शाळेत घालण्याचे धाडस काही घरांनी केले.

त्या काळात मुलींसाठी शाळा काढणाऱ्यांत जाईबाई चौधरी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी रेल्वे स्थानकावर हमालीही केली होती. पुढे मिशनच्या शाळेत शिक्षिकेचे काम मिळाले. पण अस्पृश्य बाई मुलांना शिकवते, या कारणावरून सवर्ण पालकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा चालवली.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेपुढे भाषण केले. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वाला बंदी आणि कायदेमंडळात स्त्रियांना प्रतिनिधित्व, अशा मागण्यांचे ठराव तेथे झाले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आंबेडकरांनी अनुयायांसह घेतलेल्या बौद्ध धम्मदीक्षेने या नव्या आत्मभानाला बळ दिले.

अंतःस्फोट : हे सलग आत्मचरित्र नसून आत्मकथनपर लेखांचा संग्रह आहे. कुमुद पावडे (माहेरच्या सोमकुवर, १९३८–२०२३) संस्कृतच्या प्राध्यापक होत्या. आपण संस्कृत कशा शिकलो, हे सांगणारा त्यांचा लेख विशेष गाजला. लहानपणी मुंजीच्या मांडवाबाहेर उभे राहून मंत्र ऐकताना त्यांना हाकलले गेले होते. पुढे शाळेत गोखले गुरुजी संस्कृत शिकवायला होते. सोवळे पाळणारे गुरुजी आपल्याला शिकवतील का, ही धास्ती मुलीच्या मनात होती. गुरुजींनी मात्र भेदभाव न करता शिकवले. अन्यायाचा पाढा वाचताना अशी माणसेही लेखिका नेमकी टिपते, त्यामुळे तिच्या साक्षीला वजन येते.

एम.ए. उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊनही त्यांना नोकरीसाठी खेटे घालावे लागले. त्यांनी आंतरजातीय विवाह केला, आणि नोकरी मिळाली ती त्यानंतर. लेखाच्या शेवटी त्या हे श्रेय आपल्या पदवीला देत नाहीत, बदललेल्या आडनावाला देतात. विद्वत्ता तीच, बाई तीच. पण ‘सोमकुवर’ला बंद असलेले दार ‘पावडे’ला उघडले. वेदाध्ययन शूद्रांना आणि स्त्रियांनाही नाकारणाऱ्या परंपरेची भाषा दलित स्त्रीने आत्मसात करावी, हीच या लेखातील मोठी कृती आहे.

दोहरा अभिशाप : कौसल्या बैसंत्री (जन्म १९२६) यांची मातृभाषा मराठी, हे पुस्तक मात्र त्यांनी हिंदीत लिहिले. हिंदीतील दलित स्त्रीचे पहिले आत्मकथन म्हणून ते ओळखले जाते. त्यांचे बालपण नागपूरच्या खलासी लाईन वस्तीत गेले. आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. कथन आजीपासून सुरू होते. नवऱ्याचा जाच असह्य झाल्यावर आजीने मुलांना घेऊन पायी नागपूर गाठले आणि मजुरी करून त्यांना वाढवले. आईने लोकांच्या टोमण्यांना न जुमानता मुलींना शिकवले. शाळेत जात लपवावी लागे. सायकलवरून शाळेला निघालेल्या मुलीची टवाळी वस्तीतले लोकच करत. पुढे चळवळीशी जोडलेल्या, शिकलेल्या पतीकडूनही मारहाण व अवहेलना वाट्याला आली आणि उतारवयात त्या वेगळ्या झाल्या. पती, भाऊ, मुलगा यांचा रोष पत्करून आपण बोलत आहोत, हे त्यांनी मनोगतातच स्पष्ट केले आहे.

वैशिष्ट्ये : या लेखनातली ‘मी’ एकटी नसते, आजी, आई आणि वस्तीतल्या बाया तिच्याबरोबर बोलतात. पाणवठा, शाळेचा बाक, गिरणी, नोकरीची मुलाखत आणि स्वयंपाकघर ही विषमतेची ठिकाणे येथे सलग दिसतात. बाहेर जातीमुळे अपमान सोसणारा पुरुष घरात सत्ता गाजवू शकतो, हे सत्य या लेखिका चळवळीवरची निष्ठा न सोडता मांडतात. पुरुषांच्या दलित आत्मकथनांतून आई व पत्नी बहुधा सोसणाऱ्या म्हणून दिसतात. येथे त्या निर्णय घेणाऱ्या आहेत.

परंपरा व समीक्षा : या लेखनाची पूर्वपीठिका महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. विदर्भातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. एकीने जातीवर बोट ठेवले, दुसरीने पुरुषी दुटप्पीपणावर. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत हे दोन्ही आक्षेप एका जिण्यात एकवटतात. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही याच प्रवाहातील महत्त्वाची पुस्तके. पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे कार्य नोंदवले. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात अशा कथनांना समूहाची साक्ष मानून वाचण्याचा आग्रह धरला. त्यांनी निवडलेल्या लेखिकांत पावडे आहेत.

महत्त्व : सवर्ण स्त्रीचा अनुभव म्हणजे सगळ्या स्त्रियांचा अनुभव आणि दलित पुरुषाचा अनुभव म्हणजे सगळ्या दलितांचा अनुभव, ही दोन्ही गृहीतके या लेखनाने खोडून काढली. स्त्रीमुक्तीचा विचार जातीला वगळून आणि जातिअंताचा विचार घरातल्या बाईला वगळून पुरा होत नाही, हे पावडे व बैसंत्री यांनी स्वतःच्या आयुष्याच्या पुराव्याने सिद्ध केले आहे.