प्रीती नाही म्हणजे अप्रीती का?

पातूरच्या बाजारात एखादा शेतकरी गावच्या पुढाऱ्याविषयी सहज बोलून जातो, “तो आता मनातून उतरला गड्या, पन त्याचं देनं बुडवाचं नाई.” या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. माया आटली आहे, पण व्यवहार मोडलेला नाही. आमच्या वऱ्हाडी माणसाला जो भेद इतका सहज कळतो, त्या भेदावरून एकेकाळी माणसे तुरुंगात गेली आहेत. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

सन १८७० मध्ये इंडियन पीनल कोडात १२४-अ हे कलम घालण्यात आले. सरकारविषयी लोकांच्या मनात ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणे हा त्याने गुन्हा ठरविला. मराठीत या शब्दाला ‘अप्रीती’ म्हणतात. आता पाहा, चोरी म्हणजे काय हे दाखविता येते. अप्रीती कशी दाखवायची? नापसंती आणि अप्रीती या दोहोंत फरक आहे, असे कलमातच सांगितले होते; पण रेघ नेमकी कोठे ओढायची, हे मात्र न्यायाधीशावर राहिले.

१५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. ज्यूरीचे मत सहाविरुद्ध तीन असे पडले आणि लोकमान्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. या अर्थाचा परिणाम आपल्या ध्यानात आला असेलच. सरकारशी वैर धरण्याची गरजच उरली नाही. सरकार आवडत नाही, एवढे लिहिले तरी लेखक संकटात!

त्याच वर्षी इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राचा खटला मुंबई हायकोर्टात तीन न्यायमूर्तींपुढे आला. कॅनडा पारतंत्र्याचे जोखड झुगारण्याची तयारी करीत आहे, अशा आशयाचा तो लेख होता. या तिघांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. त्यांनी म्हटले, की अप्रीती म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव नव्हे. ती एक खरीखुरी दुर्भावना असली पाहिजे, राजसत्तेशी असलेला निष्ठेचा धागा सैल करू पाहणारी. ‘प्रतोद’च्या आरोपींचा दोष यामुळे काही टळला नाही. पण शब्दाचा अर्थ मात्र ठिकाणावर आला. मनातून उतरणे वेगळे आणि उलटून उठणे वेगळे, हेच रानडे कायद्याच्या भाषेत सांगत होते.

त्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन आमच्या अमरावतीस भरले. शंकरन् नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष, लोकमान्य तुरुंगात. आणि गंमत अशी, की ज्या भूमीवर ही सभा भरली ती कागदोपत्री इंग्रजांची नव्हतीच! सन १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, तरी त्याचे स्वामित्व निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने दिले गेले. म्हणजे पातूरच्या कुणब्याने सारा भरायचा एकाकडे आणि स्वामी मानायचे दुसऱ्याला. त्याने प्रीती तरी कोणावर ठेवावी? त्याला कोणी विचारलेही नाही, आणि त्याचा सारा काही त्यावाचून अडला नाही.

१८९८ मध्ये कलम बदलले. राजनिष्ठेचा अभाव आणि सर्व प्रकारची वैरभावना अप्रीतीत येते, असे स्पष्ट करण्यात आले. शिवाय द्वेष व तुच्छता हे शब्दही त्यात आले. अर्थ थोडा नेमका झाला, पण जाळे मोठे झाले. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांची दाद मागण्यासाठी दादासाहेब खापर्डे विलायतेस गेले. १९२२ मध्ये अहमदाबादेस गांधीजींनी गुन्हा कबूल करून मुळावरच बोट ठेवले : प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही.

स्वराज्य आले तरी कलम राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरविले, की हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीकाही गुन्हा नव्हे. २०२२ मध्ये कलमाचा वापर थांबविण्यात आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १५२ व्या कलमात अप्रीती हा शब्द नाही.

शब्द गेला, पण त्यामागची खोड गेली असे समजू नये. कोणी कारभाराला नावे ठेवली की आपणही चटकन त्याला द्रोही म्हणून मोकळे होतो. तसे म्हणण्यापूर्वी पातूरच्या त्या शेतकऱ्याचे बोलणे आठवावे. सरकारने सारा मागावा, कायदा पाळावयास लावावा; तो त्याचा हक्क आहे. माया मात्र त्याने आपल्या वागणुकीने मिळवावी.