गोल्फ क्लबची पाटी आणि आपले हळवेपण

नाशिकमध्ये रिक्षात बसून "हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान" असे सांगितले, तर दहांपैकी निम्मे रिक्षावाले विचारतील, "म्हणजे गोल्फ क्लबच ना?" मैदानाचे नाव बदलून कितीतरी वर्षे झाली. रणजी सामन्याच्या बातमीत वर्तमानपत्र नवे नाव छापते आणि पुढे कंसात जुने लिहिते. सकाळी फिरायला येणारे, नेटमध्ये सराव करणारी पोरे, ईदच्या दिवशी शेजारच्या शाहजहानी ईदगाहवर नमाजला जाणारे आपण, सगळे अजून गोल्फ क्लबच म्हणतो.

हे नाव इंग्रजांचे. त्यांचे अंमलदार इथे गोल्फ खेळत. नवे नाव ज्याचे, त्या अनंत लक्ष्मण कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हेही त्याच्याबरोबर फासावर गेले. अशा मुलाचे नाव साहेबांच्या मैदानाला द्यावे, यात गैर काय? काहीच नाही. तरीही जुने नाव जिभेवरून जात नाही, आणि त्यामागे इंग्रजांवरचे प्रेम आहे असे कोणी म्हणणार नाही.

मग हे नाव टिकले कशाने? मला वाटते, ते गोल्फमुळे टिकले नाही आणि क्लबमुळेही नाही. त्या नावाला आपली सकाळ चिकटली आहे, वडिलांचे बोट धरून पाहिलेला पहिला सामना चिकटला आहे. मैदानाच्या नावाचे असेच असते. ज्याच्या स्मरणार्थ ते दिले, त्याच्यापेक्षा तिथे येऊन बसणाऱ्यांचे ते अधिक होते.

जगभर हेच दिसते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबच्या मालकाने २०११ साली सेंट जेम्स पार्क या जुन्या स्टेडियमला आपल्या दुकानांच्या कंपनीचे नाव दिले. २०१२ च्या सुरुवातीला जुन्या नावाची अक्षरे भिंतीवरून उतरवली गेली. चाहते इतके चिडले की, त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने नावाचे हक्क विकत घेतले आणि जुने नाव परत बहाल केले. आपल्याकडे पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर काही काळ सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव होते. पैशांचा वाद झाला आणि नाव गेले. त्या पाटीसाठी कोणी हळहळले नाही, कारण तिच्याशी आठवणी जुळायला वेळच मिळाला नव्हता.

दिल्लीचे उदाहरण आपल्या वाचकांना जास्त जवळचे. सप्टेंबर २०१९ मध्ये फिरोजशाह कोटला स्टेडियमचे नाव अरुण जेटली स्टेडियम झाले. मैदानाचे नाव मात्र फिरोजशाह कोटलाच राहील, असा खुलासा दिल्लीच्या क्रिकेट संघटनेने केला. त्या वेळी आपल्यातल्या अनेकांना वाटले की, आणखी एक मुसलमानी नाव पुसले. पण हळहळणाऱ्यांमध्ये मोठा वाटा दिल्लीच्या साध्या क्रिकेटवेड्यांचा होता. चौदाव्या शतकातला फिरोजशाह तुघलक त्यांच्या मनात कुठेही नव्हता. त्यांच्या मनात होता फेब्रुवारी १९९९ मधला अनिल कुंबळे, ज्याने पाकिस्तानच्या एकाच डावातले दहाही बळी ७४ धावांत घेतले होते. पुढे डिसेंबर २०२० मध्ये, तिथे जेटलींचा पुतळा बसवण्याच्या निषेधार्थ बिशनसिंग बेदींनी पत्र लिहिले आणि तिथल्या स्टँडवरचे स्वतःचे नाव काढून टाका अशी मागणी केली. खेळाच्या मैदानावर खेळाडूंची आठवण राहावी, हा त्यांचा आग्रह होता. कोटल्याच्या पाटीवर असे सगळ्यांचे थोडे थोडे होते. ती आपलीच होती असे म्हणून रडलो, तर बाकीच्यांचा वाटा आपणच नाकारतो.

नाशिकमध्ये आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते: "नाशिकचे खरे नाव गुलशनाबाद." नाव सुंदर आहे, फुलबागांच्या गावाला शोभणारे आहे. मुघल काळात ते कागदोपत्री चालले आणि पेशवाईत नाशिक हे नाव पुन्हा पुढे आले, इथपर्यंत खरे. पण 'खरे नाव' म्हणणे इतिहासाला धरून नाही. पांडवलेण्यांतल्या एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळातला शिलालेख आहे. नाशिकच्या एका महामात्राने हे लेणे करवले, असे तो प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीची नाशिकची ही पाटी, आणि तिच्यावर नाव नाशिकच आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. पेशव्यांचा अंमल आल्यावर इथल्या टांकसाळीत जे रुपये पडत, त्यांच्यावर फारसीत बादशहा शाह आलमचे नाव आणि टांकसाळीचे नाव गुलशनाबाद असे. सत्ता मराठ्यांची, नाणे गुलशनाबादचे! बाजाराला ओळखीच्या शिक्क्यावर विश्वास होता आणि राज्यकर्त्यांना बाजार चालवायचा होता. तेव्हा गुलशनाबाद हे नाव मुसलमानांनी आणले आणि मराठ्यांनी पुसले, अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

नाण्यांवरून जोगलटेंभी आठवते. नाशिक जिल्ह्यातल्या गोदावरीकाठच्या या गावात १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी सव्वातेरा हजारांच्या आसपास होती. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. पण खालचा नहपानाचा चेहरा पुष्कळ नाण्यांवर अजून दिसतो, म्हणूनच कोणी कोणाला हरवले हे आज पुराव्यानिशी सांगता येते. राजाने जुनी नाणी वितळवून टाकली असती, तर त्याच्या विजयाचाच एक साक्षीदार गेला असता.

आता औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांचे काय, असे तुम्ही विचाराल. २०२३ आणि २०२४ मध्ये ही नावे सरकारी कागदांवरून गेली, आणि ज्यांचे बालपण तिथे गेले त्यांना वाईट वाटले. मलाही वाटले. पण इतिहास शिकवणाऱ्याने अर्धा धडा शिकवू नये. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीचे आधी फतेहनगर झाले आणि मग औरंगाबाद. ज्या नावासाठी आज आपण हळहळतो, तेही कधीकाळी दुसऱ्या पाटीवर रंगवलेले नवे नाव होते. आपल्या बादशहांनी केले ते इतिहास आणि दुसऱ्यांनी केले तो अन्याय, असा हिशेब मांडला तर आपले ऐकणार कोण?

माझी खरी काळजी मात्र नावांपेक्षा लिपीची आहे. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत दुकानांवर हाताने रंगवलेल्या पाट्या असत. वर देवनागरी, खाली नस्तालीक, आणि दोन्ही एकाच पेंटरच्या ब्रशने लिहिलेल्या. 'ये' हे अक्षर किती लांब ओढायचे आणि नुक्ते कुठे बसवायचे, हे त्याला हाताने माहीत असे. आता संगणकावर फ्लेक्स छापला जातो, आणि उर्दू अक्षरे सुटी होऊन उलट क्रमाने पडली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. ही पाटी कोणी जबरदस्तीने उतरवली नाही. तिचा वाचक कमी झाला, एवढेच.

म्हणून पातूरच्या निकालाचा आनंद मानताना मी थोडा थांबतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूतही नाव होते. त्याला एका माजी नगरसेविकेने आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ती पाटी कायम ठेवली. मराठीबरोबर उर्दू वापरायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीत जन्मली, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तिथली परिषद १९५६ पासून उर्दू वापरत आली आहे, याचीही नोंद घेतली. निकाल मोलाचा आहे. पण न्यायालय पाटी भिंतीवर ठेवू शकते, ती वाचणारी मुले घडवणे हे काम घराचे आणि शाळेचे आहे.

वाचणारा उरला नाही की काय होते, ते पुन्हा पांडवलेण्यांतच दिसते. ब्राह्मी लिपी वाचता येणारे शतकानुशतके कोणी नव्हते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. मधल्या काळात भिंतीवर दान देणाऱ्यांची नावे स्पष्ट कोरलेली असूनही लोकांनी ही बौद्ध भिक्खूंची लेणी पांडवांची ठरवली. लोकांचा त्यात दोष नव्हता. समोर लिहिलेले वाचता येत नसेल, तर माणूस ऐकलेली गोष्ट खरी धरतो. उर्दू पाट्यांबद्दल, जुन्या दर्ग्यांवरच्या फारसी कोरीव लेखांबद्दल आज जे काही बोलले जाते, त्यातले पुष्कळसे न वाचता आल्यामुळे बोलले जाते. आणि वाचता न येणाऱ्यांत आपली मुलेही आहेत.

तेव्हा गोल्फ क्लब म्हणायला हरकत नाही, पण मुलाला अनंत कान्हेरे कोण हेही सांगू या. गुलशनाबाद म्हणू या आणि एकोणिसाव्या लेण्यातली ती ओळही दाखवायला नेऊ या. आपल्या मोहल्ल्यातली हाताने रंगवलेली एखादी दोन लिप्यांची पाटी अजून शिल्लक असेल, तर तिचा फोटो काढा, कोणी रंगवली आणि कोणत्या साली ते दुकानदाराला विचारून मागे लिहून ठेवा. नगरपालिका किंवा संस्था पाटी बदलत असेल, तर जुनी भंगारात न देता आत एखाद्या भिंतीवर तारखेसह लावा, अशी लेखी विनंती करा. अशा विनंतीला विरोध करावा असे तिच्यात काही नाही. उन्हाळी सुट्टीत घरच्या मुलांना उर्दूची अक्षरे शिकवायची असतील, तर सुरुवात पुस्तकातून कशाला करता? त्यांना बाजारात घेऊन जा आणि पाट्या वाचायला लावा.