हरितद्रव्याचा खांदा

अड्यार म्हटलं की मराठी वाचकाला आधी तिथला विस्तीर्ण वड आठवतो आणि मग होमरूलवाल्या बेझंटबाई. थिऑसॉफिकल सोसायटीचं बिऱ्हाड मुळात मुंबईचं. १८८२च्या अखेरीस ते गिरगाव-ब्रीच कँडी सोडून मद्रासजवळ अड्यार नदीच्या मुखाशी गेलं. १९०७ मध्ये बेझंटबाई सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचं व सोसायटीतले त्यांचे सहकारी लेडबीटर यांचं ‘ऑकल्ट केमिस्ट्री’ प्रसिद्ध झालं. दिव्यदृष्टीने पाहिलं असता हायड्रोजनच्या अणूत १८ सूक्ष्म घटक दिसतात, असा त्यातला दावा. आज त्याला कुणी विज्ञान म्हणत नाही. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पदार्थाच्या पोटात काय हालचाल चालते, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. समोरच्या वडाच्या पानापुरतं त्याचं उत्तर द्यायला प्रिझमवाल्यांना जवळजवळ दोन शतकं लागली.

पालकाची चार पानं खलबत्त्यात कुटा, त्यावर स्पिरिट ओता आणि फडक्यातून गाळून घ्या. बाटलीच्या मागे प्रखर दिवा धरला तर पाणी हिरवंगार दिसतं. मग बाटली उन्हात ठेवून, काळ्या कापडासमोर, बाजूने पाहा: काचेलगत तेच पाणी रक्तासारखं लाल उजळतं. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने लॉरेलच्या पानांच्या अर्कात ही लाली पाहिली आणि १८३४ मध्ये ती छापली. ही लाली म्हणजे द्रावणाने स्वतः उत्सर्जित केलेला, कमी ऊर्जेचा प्रकाश, हे जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये दाखवलं. निळा प्रकाश पाडला तरी बाहेर लालच पडतो, मग मधली ऊर्जा जाते कुठे? ती रेणूच्या कंपनांत मुरते आणि उष्णता होऊन आजूबाजूच्या द्रवात पसरते. पण हे कळायला अजून बराच अवकाश होता.

हा अर्क वर्णपटमापकात घातला की आलेखावर दोन शिखरं उभी राहतात. पानातलं मुख्य हरितद्रव्य, क्लोरोफिल-ए, ईथरमध्ये विरघळवलं तर एक जांभळ्या-निळ्या भागात ४३० नॅनोमीटरच्या आसपास येतं आणि दुसरं तांबड्यात ६६२च्या जवळ. मधला हिरवा प्रकाश बराचसा सुटतो, म्हणून पान हिरवं. जांभळ्याकडच्या शिखराला सोरेचं नाव आहे. झाक-लुई सोरे या स्विस माणसाने १८८३ मध्ये तसा पट्टा रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये पाहिला होता. रक्त आणि पान यांच्या रेणूंचा सांगाडा एकाच घराण्यातला, चार नायट्रोजनांचं कडं. रक्तात त्याच्या मध्यभागी लोह बसतं आणि पानात मॅग्नेशियम, त्यामुळे रक्ताच्या पट्ट्याचं नाव पानालाही चिकटलं.

आपली कथा मात्र तांबड्या शिखराच्या खांद्याची आहे. ६६२च्या शिखरावरून निळ्याकडे उतरताना रेषा सरळ उतरत नाही, ६१५च्या आसपास पुन्हा थोडी फुगते. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत हा फुगवटा बऱ्याचदा गुळगुळीत केलेला असतो. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

१९२५-२६ च्या सुमारास जेम्स फ्रांक आणि एडवर्ड कॉन्डन यांनी त्याची किल्ली दिली. प्रकाश शोषताना इलेक्ट्रॉन इतक्या झटक्यात वर उडी घेतो की जड अणुकेंद्रकांना हलायला सवडच मिळत नाही. एसटी अचानक सुटली की उभे प्रवासी हेलकावतात, तशी ती केंद्रकं मग नव्या मांडणीत डोलू लागतात. हे डोलणं वाटेल तितकं होत नाही, ते ठरावीक हिश्शांतच होतं. म्हणून उडीला लागणारी ऊर्जा अधिक डोलण्याचा एक हिस्सा, एवढी ऊर्जा असलेला प्रकाशही शोषला जातो आणि मुख्य शिखराच्या निळ्या बाजूला एक उपशिखर उमटतं. ६६२ आणि ६१५ यांतलं अंतर तरंगसंख्येत सुमारे ११५० प्रति सेंटीमीटर भरतं. कड्यातले कार्बन-नायट्रोजन बंध ताणले जाण्याची कंपनं याच टापूतली. असं एक आंदोलन जेमतेम २९ फेम्टोसेकंदांत पुरं होतं.

कंपनं मोजायची सोय झाली ती रामन यांच्यामुळे. अड्यारपासून काही मैलांवर, मरीना किनाऱ्यावरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते १९०७ मध्ये एम.ए. झाले. १९२८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी दाखवलं की विखुरलेल्या प्रकाशात रेणूच्या स्वतःच्या कंपनांच्या खुणा उमटतात. क्लोरोफिल-ए मध्ये कार्बनचे ५५, हायड्रोजनचे ७२, ऑक्सिजनचे ५, नायट्रोजनचे ४ आणि मॅग्नेशियमचा १ असे १३७ अणू आहेत. त्याला तिनाने गुणून सहा वजा करा: ४०५ स्वतंत्र कंपनं. त्यांतली मोजकीच प्रकाशाच्या कामी येतात.

इथे कथा संपायला हवी होती. पण १९६१ मध्ये मार्टिन गाउटरमन यांनी अशा कड्यांच्या वर्णपटाचा हिशेब इलेक्ट्रॉनांच्या चार कक्षकांवर मांडला आणि त्यात तांबड्या भागात दोन संक्रमणं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दोन वेगळ्या उड्या, निघाली. कड्याच्या एका अक्षाला धरून जाणारं क्यू-वाय ठळक, दुसऱ्या अक्षाचं क्यू-एक्स फिकट. क्लोरोफिल-ए मधलं हे फिकट संक्रमण नेमकं कुठे बसवायचं यावर दोन तट पडले. एक म्हणे, ६१५चा खांदा निव्वळ क्यू-वायच्या कंपनाचा, क्यू-एक्स त्याच्याही पलीकडे ५८०कडे. दुसरा म्हणे, ते खांद्यातच दडलंय. दोघांकडे मोजमापं होती, हीच अडचण.

२०१३ मध्ये जेफ्री रायमर्स आणि ऑस्ट्रेलिया-एस्टोनियातले त्यांचे सहकारी यांनी ३२ क्लोरोफिल-जातीय रेणूंचे वर्णपट एकत्र तपासले. बहुतेकांत दोन्ही संक्रमणं वेगवेगळी निघाली. क्लोरोफिल-ए मध्ये मात्र कंपनं त्यांना अशी कालवतात की वेगळी काढताच येत नाहीत. क्यू-एक्सचा वाटा सगळ्या तांबड्या पट्ट्यात सांडलेला असतो, एकूण शोषणाच्या १० ते २५ टक्के. दोन्ही तटांना आपापला पुरावा का सापडत होता, ते यावरून कळतं.

त्याच वर्षी विवेक तिवारी, विल्यम पीटर्स आणि डेव्हिड जोनास यांनी अमेरिकेतून पुढचा प्रश्न घातला: शेजारशेजारच्या रंगद्रव्यांची कंपनं त्यांच्यातल्या ऊर्जेच्या फरकाशी जुळली, तर पानात ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे जायला त्याने हातभार लागतो का? त्यांच्या गणिताप्रमाणे लागतो.