कूपर, सेलिना

(४ डिसेंबर १८६४ – ११ नोव्हेंबर १९४६). इंग्लंडमधील गिरणी-कामगार, संघटक व स्त्री-मताधिकाराच्या प्रचारक. जन्म कॉर्नवॉलमधील कॅलिंग्टन येथे. वडील बांधकामावरचे मजूर. ते विषमज्वराने वारल्यावर कुटुंब उत्तरेकडे गेले आणि सेलिना बाराव्या वर्षी कापडगिरणीत लागल्या. अशी मुले तेव्हा अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत असत. पुढे त्या लँकेशायरमधील नेल्सन येथील कार्डखात्याच्या (कापूस पिंजण्याच्या विभागाच्या) कामगार संघटनेच्या सभासद झाल्या. या संघटनेत बहुसंख्य स्त्रिया, कारभार मात्र पुरुषांचा. १८९६ मध्ये रॉबर्ट कूपर या विणकराशी विवाह.

मताधिकारासाठी लँकेशायरच्या गिरणी-कामगार स्त्रियांनी केलेल्या अर्जासाठी त्यांनी घरोघर आणि गिरण्यांच्या दारात सह्या गोळा केल्या. एस्थर रोपर व ईव्हा गोर-बूथ या मोहिमेच्या संयोजक होत्या. १९०१ च्या वसंतात २९,३५९ सह्यांचा हा अर्ज कामगार स्त्रियांच्या शिष्टमंडळाने लंडनला नेला. कूपर त्यात होत्या. अर्जाने कायदा बदलला नाही. १९०२ मध्ये क्लिथरो मतदारसंघातून विणकर संघटनेचे डेव्हिड शॅकल्टन बिनविरोध निवडून आले, तेव्हा या मागणीला खरी धार आली. खासदारांना १९११ पर्यंत सरकारी वेतन नव्हते. शॅकल्टन यांचा खर्च संघटनेच्या वर्गणीतून भागे आणि ती भरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांच्या पैशावर खासदार संसदेत बसला, त्यांनाच मत नाही, हा मुद्दा कूपर व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी शॅकल्टन यांच्यापुढे आग्रहाने मांडला. मताधिकाराच्या इतिहासात खिडक्या फोडणाऱ्यांना जितकी जागा मिळाली, तितकी या वर्गणीदार बायकांना मिळालेली नाही.

१९०१ मध्येच त्या बर्न्ली येथील गरीब-साहाय्य मंडळावर निवडून आल्या. सुमारे १९०७ पासून मिलिसेंट फॉसेट यांच्या सनदशीर मार्गाच्या स्त्री-मताधिकार महासंघाच्या पगारी प्रचारक. खिडक्या फोडणाऱ्या पँकहर्स्ट गटाच्या उग्र मार्गाशी त्यांचे जमले नाही.

पहिल्या महायुद्धाला विरोध. १९१७ मध्ये नेल्सनमधील स्त्रियांच्या शांतता मिरवणुकीत सहभाग, तीवर जमावाने हल्ला केला. १९१८ च्या कायद्याने मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या, तीस वर्षांवरील स्त्रियांनाच मत दिले. अनेक तरुण गिरणी-कामगार मुली १९२८ पर्यंत बाहेरच राहिल्या. १९२४ मध्ये दंडाधिकारी. १९४१ मध्ये मजूर पक्षातून हकालपट्टी.

त्यांची कागदपत्रे कन्या मेरी यांनी जपली. त्यांच्या आधारे जिल लिडिंग्टन यांनी लिहिलेले चरित्र १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.