दुसऱ्या दिवशीची भूक

होडीतून कफर्णहूमच्या काठाला उतरता तेव्हा तुमच्या पोटात कावळे ओरडत असतात. काळ इ. स. 30 च्या आसपासचा. वल्हांडण सण तोंडावर आलाय, जव पिकायला लागलेत. कालची भाकरी कालच जिरली.

काल पलीकडच्या गवतावर पाच हजार पुरुष जेवले, बायकापोरं वेगळीच. जवाच्या पाच भाकरी, दोन मासळ्या, आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या! आधी येशूचा शिष्य फिलिप्प म्हणाला होता की दोनशे दीनारांच्या भाकरीही पुरायच्या नाहीत. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तुम्ही मजूरच, तो आकडा तुम्हाला समजावून सांगावा लागला नाही.

सभास्थान भरलंय. (आज पर्यटक पाहतात ते पांढऱ्या दगडाचं सभास्थान कितीतरी नंतरचं.) येशू तोंडावर सांगतो, तुम्ही पोट भरलं म्हणून मला शोधताय. मान खाली जाते, रागही येतो. प्रवचनांत या गर्दीला पोटभरू म्हणून झोडपतात. मला ते पटत नाही. ज्याची कमाई रोजच्या रोज संपते, त्याने उद्याचं विचारायचं नाही तर कोणी?

गर्दी मोशेच्या काळातल्या मान्नाचा, आकाशातून मिळालेल्या भाकरीचा, विषय काढते. ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे: माणशी एक ओमर गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवला की किडे, फक्त शब्बाथासाठी राखलेला टिकायचा. कनानचं पीक खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद. तो खाणारी पिढीही मेलीच, येशू नेमकं तिथे बोट ठेवतो. खरी भाकर मीच, म्हणतो. मग त्याचं मांस खाण्याचं, रक्त पिण्याचं बोलतो. अंगावर काटा येतो. रक्त तर नियमशास्त्राने वर्ज्य केलेलं.

इथे तो सांभाळून घेऊ शकला असता. काल हीच माणसं त्याला बळजबरीने राजा करायला निघाली होती, तेव्हा तो डोंगरात निघून गेला. आजही तो त्यांची मर्जी राखत नाही.

माणसं उठू लागतात, त्याच्यामागे फिरणारे शिष्यसुद्धा. तो बाराजणांना विचारतो, तुम्हीही निघता? सगळं कळल्याचा आव त्यांच्यातला पेत्र आणत नाही. जाऊ कोणाकडे, असं उलट त्यालाच विचारतो. जगवणारं बोलणं याच्याचपाशी आहे, एवढं त्याला पुरतं.

दाराशी कोणीतरी तुम्हाला कोपराने ढोसतं. ‘चल, मळ्यावर माणसं घेतायत.’

रोज बुडाला तर संध्याकाळी चूल पेटणार नाही.

‘तू हो पुढे,’ तुम्ही म्हणता. ‘त्याचं बोलणं अजून संपलं नाही.’